पाय माझा आणि कागदावरचे नाना

आमच्या सत्तरीत (सत्तरी हा तालुका, वयाने मी अजून पन्नाशीतच आहे) एखाद्या माजी सैनिकाला अपंगत्व पेन्शनच्या नकाराचा लखोटा आला की तो दोन-तीन दिवसांत आमच्या बलकांवावर (म्हणजे दारासमोरच्या ओसरीवर) येऊन बसतो. चहा होतो, पावसाची आणि सुपारीच्या दराची चौकशी होते, मग शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी निघते. मी चष्मा लावून एकच गोष्ट शोधतो: नाना आहेत का?

हे नाना म्हणजे इंग्रजीतल्या चार आद्याक्षरांचं लष्करी नाव. तुमचं दुखणं सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, असा त्याचा अर्थ. टक्के कितीही असोत, नाना बसले की पुढच्या रकान्यात 'निल'. माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निघतानाच्या लष्करी वैद्यकीय तपासणीच्या, कागदावर डाव्या पायाचं अपंगत्व '२० टक्के, आजन्म' आणि शेजारीच पेन्शनसाठी धरायचं अपंगत्व 'निल'. मी तो कागद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे पाय दुखतो हे त्यांना मान्य आहे. तो कुणामुळे दुखतो एवढंच मान्य नाही." पुढे मी वकील पाहिले, पण भांडण कशाचं आहे हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

मी १९९१ ला पायदळात भरती झालो आणि २०१५ च्या जानेवारीत हवालदार म्हणून निघालो. २००३ च्या फेब्रुवारीत बर्फातल्या गस्तीवर पाय घसरून डावी नडगी मोडली. प्लास्टर, इस्पितळ, लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीमुळे खालची श्रेणी) आणि मग पुन्हा ड्युटी. हाड जुळलं, पण किंचित वाकडं. दहा-बारा वर्षांनी घोटा बोलायला लागला. बोर्डाने लिहिलं: 'डाव्या घोट्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस', झिजेचा आजार, म्हणून नाना. २००३ च्या मोडलेल्या हाडाचा त्यात उल्लेखच नव्हता. शेपूट पकडलं आणि जनावर सोडून दिलं.

यात चूक माझीही होती. बोर्डापुढे मी सावधानमध्ये उभा. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "हवालदार, तकलीफ क्या है?" आणि चोवीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "कोई तकलीफ नहीं, साहब." पलटणीत 'सिक रिपोर्ट' म्हटलं की कामचुकार असा शिक्का बसतो. कॅटेगरी लागली की प्रमोशन आणि कोर्स अडकतात. म्हणून आपण दुखणं लपवायला शिकतो, तेही चांगलं शिकतो. आणि शेवटच्या दिवशी तेच लपवलेलं दुखणं कागदावर सापडत नाही म्हणून पेन्शन जाते. अजून सेवेत असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याने एवढंच करावं: पाय दुखला की एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन नोंद करवून घ्यावी. बाकीचं खाली लिहिलंय ते निघालेल्यांसाठी.

आधी तारीख

नकाराचं पत्र हातात पडलं त्या दिवसाची तारीख लखोट्यावर पेनने लिहा आणि लखोटा फेकू नका. पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं असतं. आपल्याकडे हे सहा महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. आधी चवथ (गणपती) येते, मग दिवाळी, मग काजूचा हंगाम, आणि 'शिगम्यानंतर (म्हणजे होळीनंतर) बघू' म्हणता म्हणता मुदत संपते. उशीर झाला तरी दार कायमचं बंद होत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण वेळेत केलेल्या अपिलाला उशिराची कारणं द्यावी लागत नाहीत, आणि कारणं लिहिणं हे अपील लिहिण्याहून कठीण काम.

मग पत्र वाचा. रागाने नव्हे, पेन्सिल घेऊन. नकार का दिला ते ओळखल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. पायाच्या बाबतीत कारणं बहुधा तीनच असतात. एक, वरचे नाना. दोन, टक्के वीसपेक्षा कमी: '११-१४' किंवा '१५-१९' असं लिहिलेलं असतं. तीन, दुखापत ड्युटीवर झाली नाही किंवा तिचा इंज्युरी रिपोर्ट नाही. मुदत पूर्ण करून निघालेल्या माणसाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळायला दोन्ही गोष्टी लागतात: सेवेशी संबंध, आणि किमान २० टक्के. ज्याचे टक्के कमी धरलेत त्याने सेवेच्या संबंधावर चार पानं लिहिली तर ती वाया. पेडण्याच्या एका नाइकाने तसंच केलं होतं. कारगिलपासून सगळं लिहिलं, आणि गुडघा किती अंशात वाकतो ते मात्र कुठेच नाही. अडचण नेमकी तीच होती.

कागद गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. हवे ते कागद असे: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, मधल्या काळातले कॅटेगरी बोर्ड, म्हणजे एएफएमएसएफ-१५, इस्पितळाच्या डिस्चार्ज स्लिपा, इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची प्रत, आणि इस्पितळात दाखल झाल्याचे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीचे हुकूम.

हे सगळं आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागायचं. आपल्यातल्या पुष्कळ मुलांचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, म्हणजे चोर्ला घाट चढला की आलंच. नेव्हीवाल्यांचं काम मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतं आणि एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीत सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. साध्या अर्जाला उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत तीस दिवस. स्वतःचे वैद्यकीय कागद मागताना 'खाजगी माहिती' म्हणून नकार देता येत नाही. ती खाजगी माहिती तुमचीच असते. अर्जात 'माझी सर्व कागदपत्रं' असं मोघम लिहू नका, फॉर्मचा नंबर आणि वर्ष लिहा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं.

गोव्याची एक खास भानगड इथे सांगून टाकतो. आमच्या आडनावांची रोमन लिपीत दोन-दोन रूपं असतात. गावकर कुठे 'के'ने लिहिलेला, कुठे पोर्तुगीज वळणाने 'सी'ने. नाईकचंही तसंच. जन्मदाखल्यावर एक, भरतीच्या कागदावर दुसरं, आधारवर तिसरं. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हे जुळलं नाही की मंजूर झालेले पैसेही अडकतात. अपील जाण्याआधी नाव एकसारखं करून घ्या. नंतर दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही रेंगाळतात.

माझा इंज्युरी रिपोर्ट सापडलाच नाही. आमचं युनिट तेव्हा हलत होतं, कुठल्या पेटीत गेला देवास ठाऊक. रिपोर्ट नाही, म्हणजे संबंध सिद्ध होणार नाही, असं मला वाटलं. आठवडाभर मी हताश होतो. मग बायकोने माळ्यावरून माझी जुनी काळी ट्रंक काढली. त्यात होल्डॉलचा पट्टा, एक फुटका मग, आणि २००३ ची डिस्चार्ज स्लिप. फिकट झालेली, पण त्यावर डॉक्टरच्या हातचं स्पष्ट लिहिलेलं: गस्तीवर असताना पडून दुखापत. मूळ रिपोर्ट नसला तरी त्या काळात, त्या जागी, दुसऱ्या कुणी अधिकाऱ्याने लिहिलेला असा कागद खूप काम करतो. सोबत त्या दिवशी गस्तीत असलेल्या दोन जोडीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडली. एक सांगलीचा, एक चंदगडचा. दोघांनाही एका फोनवर सगळं आठवलं, चंदगडवाल्याला तर माझ्या बुटाचा नंबरसुद्धा. तुमच्याही ट्रंका आधी उघडा, मग सरकारी कपाटांच्या मागे लागा.

'पाय दुखतो' हे निदान नव्हे

पायाच्या प्रकरणात सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. बोर्ड वेदनेला टक्के देत नाही. ते एखाद्या नाव असलेल्या आजाराला किंवा दुखापतीला, आणि त्यामुळे कमी झालेल्या हालचालीला टक्के देतं. तेव्हा आधी ठरवा की तुमचा पाय नेमका कशाने दुखतो. मोडलेलं हाड वाकडं जुळलंय? गुडघ्याची लिगामेंट गेलीय? की मूळ कमरेत आहे, मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय आणि कळ पोटरीत उतरतेय? या तिन्हींत रुग्ण सांगताना 'पाय दुखतो' एवढंच सांगतो. कमरेतून येणाऱ्या कळेसाठी गुडघ्याचा एक्स-रे जोडून काही होत नाही. तिथे एमआरआय आणि नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, लागते.

डॉक्टरकडे जाताना, मग तो ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) असो, गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेजातला) असो की खाजगी असो, 'सर्टिफिकेट द्या' असं म्हणू नका. मोजमाप मागा. माझी तपासणी ज्या तरुण डॉक्टरीण बाईंनी केली त्यांनी शिंप्यासारखा टेप काढला. गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटीमीटरवर पेनने दोन्ही पायांवर खूण केली आणि पोटरीचा घेर मोजला: उजवी ३४, डावी साडेएकतीस. मग कोनमापक लावून घोटा किती वर येतो, किती खाली जातो, ते अंशांत लिहिलं. दोन्ही पायांची लांबी मोजली. शेवटी म्हणाल्या, "काका, पोटरी खोटं बोलत नाही. जो पाय माणूस वापरत नाही तो बारीक होतो." ते अडीच सेंटीमीटर माझ्या फाइलीतला सगळ्यात बोलका पुरावा ठरले. रिपोर्टमध्ये एक वाक्य मात्र मी मुद्दाम मागून घेतलं, आणि तुम्हीही मागा: आजची झीज ही जुन्या फ्रॅक्चरचा परिणाम आहे का, आणि तसं का म्हणता. डॉक्टरला पटत नसेल तर तो लिहिणार नाही, आणि नको लिहायला. पण पटत असूनही कुणी विचारत नाही म्हणून ते वाक्य राहून जातं.

दिव्यांग कार्डावरची टक्केवारी आणि मेडिकल बोर्डाची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या कायद्यांखालच्या. 'कार्डावर चाळीस आहे, मग बोर्डाने वीसही का दिले नाहीत' हा मुद्दा अपिलात फारसा टिकत नाही. लष्करी बोर्डाच्या मताला वजन असतंच. बाहेरच्या डॉक्टरचा रिपोर्ट त्या मताला उलथवत नाही, त्यातली फट दाखवतो. तेवढ्यासाठीच तो वापरावा.

आणि वेदना? ती लिहायचीच, पण कामाच्या भाषेत. 'असह्य वेदना होतात' हे वाक्य हजार फाइलींत असतं. मी पुढच्या बोर्डाची तयारी म्हणून कालनिर्णय घेतलं. ज्या दिवशी पाय आडवा आला त्या चौकोनात दोन शब्द लिहायचे. 'पाट बांधायला गेलो, अर्ध्यात परत.' 'देवळाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरला.' 'गणपतीची माटोळी बांधायला स्टुलावर चढलो नाही, मुलगा चढला.' 'वाळपई बाजार, दोनदा बसलो.' 'गोळी एक, रात्री दुसरी.' चार महिन्यांनी त्यातून जे निघालं ते मी तीन ओळींत लिहिलं: किती मिनिटं उभं राहता येतं, किती अंतर न थांबता चालता येतं, उतार आणि पायऱ्या कशा जमतात, गोळ्या किती लागतात. पुन्हा बोर्डापुढे बोलावलं तर हेच सांगायचं. वाढवून सांगू नका. तुम्ही लंगडत आत येता आणि बाहेर पडताना जिना झपाझप उतरता, ते पाहणारं कुणीतरी असतंच.

अपील लिहिताना

आमच्याकडे येणारे मसुदे बहुतेक 'मी माझ्या तारुण्याची चोवीस वर्षं मातृभूमीसाठी' असे सुरू होतात. मी पहिला परिच्छेद खोडतो. माणूस दुखावतो, मग चहा पितो, मग ऐकतो. समितीपुढे जे येतात त्या सगळ्यांनीच वर्षं दिलेली असतात. त्यांना नियम आणि कागद हवा.

माझ्या अपिलाचा गाभा असा होता, मूळ हिंदीतून सांगतो: "भरतीच्या वेळच्या तपासणीत माझ्या पायात कोणताही दोष नोंदलेला नाही (जोडपत्र १). फेब्रुवारी २००३ मध्ये गस्तीवर असताना डाव्या नडगीचं हाड मोडलं, त्याची नोंद डिस्चार्ज स्लिपवर (जोडपत्र २) आणि कॅटेगरी बोर्डात (जोडपत्र ३) आहे. हाड वाकडं जुळल्याने घोट्यावर भार विषम पडतो आणि तिथेच आता झीज आहे (जोडपत्र ५). बोर्डाने झिजेचा विचार केला, ती ज्या दुखापतीतून आली तिचा केला नाही. दोन्हींचा संबंध नाही असं मानण्याची कारणंही दिलेली नाहीत." बस. बाकी दोन पानं म्हणजे याचीच उकल. लिहिण्याची भाषा तुमची. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. पण फाइल वाचणारा मराठी जाणणारा असेलच असं नाही, म्हणून हिंदी किंवा इंग्रजी बरी.

निकालांत मुख्य आधार धरला जातो तो १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सचा, म्हणजे अपंगत्व पेन्शनचा हक्क कुणाला ते ठरवणाऱ्या नियमांचा. भरती होताना माणूस धडधाकट होता असं धरायचं, सेवेत तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं, सिद्ध करण्याचा बोजा सैनिकावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला. २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. बोर्डाने उलट मत दिलं तर त्याची कारणं द्यायला हवीत, हेही त्यात आहे. २०१४ चा सुखविंदर सिंग हा निकालही याच वाटेचा. ज्याला अपंगत्वापायी मुदतीआधीच सेवेबाहेर काढलं, त्याचं अपंगत्व वीसच्या वर आहे असंच धरायचं, असं तो म्हणतो. पण सावध. २००८ मध्ये हे नियम बदलले, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे एन्टायटलमेंट रूल्स लागू झालेत. त्यानंतर निघालेल्याने माझं अपील बघून जुने नियम क्रमांक उतरवू नयेत. आपली निघण्याची तारीख बघा, त्या तारखेचे नियम मिळवा, मग लिहा. आणि निकालांची नावं दोन पुरेत. एकाने अकरा जोडले होते, त्यातले तीन त्याच्याच विरुद्ध गेलेले.

पायऱ्या

पहिलं अपील पहिल्या अपिलांच्या समितीकडे, रेकॉर्ड ऑफिसच्या मार्फत. ती मुख्यतः कागद बघते, कधी पुन्हा मेडिकल बोर्डासमोर बोलावतात. तिथे नकार आला तर सहा महिन्यांत दुसरं अपील, दुसऱ्या समितीकडे. दोन्ही स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती अपिलाच्या प्रतीला टाचा. पणजीच्या सैनिक मंडळात एक फेरी जरूर मारा. फॉर्म, पत्ते, शिक्के यांत ते मदत करतात. मजकूर मात्र तुमचा तुम्हालाच लिहायचाय.

माझं पहिलं अपील दोन ओळींच्या पत्राने परत आलं. दुसऱ्याला उत्तरच नाही. इथे पुष्कळजण वाट बघत बसतात, वर्ष, दोन वर्षं. बसू नका. अपील केल्यापासून सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर ती पायरी चढून झाली असं कायदा मानतो, आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे जाता येतं. अंतिम नकार आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिने. हे सगळं २००७ च्या ट्रिब्युनल कायद्यात कलम २१ आणि २२ मध्ये आहे. गोव्याला मुंबईचं खंडपीठ लागू, महाराष्ट्र आणि गुजरातबरोबर. वकील घेता येतो, स्वतःही उभं राहता येतं. मी वकील घेतला, कारण मला इंग्रजीत रागावता येत नाही. हे ट्रिब्युनल आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्ससाठी. सीआरपीएफ किंवा बीएसएफमधल्या भावांनी हा रस्ता धरू नये, त्यांचे नियम वेगळे.

उशीर झालेल्यांसाठी: पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे ती न देणं ही दर महिन्याला होणारी चूक मानली जाते. २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं, आणि थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. म्हणजे दहा वर्षांनी गेलात तरी पेन्शन मिळू शकते, मागची सात वर्षं मात्र बहुधा गेली. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

मुंबईला जाताना मी थिवीहून रात्रीच्या कोकणकन्येने जायचो. पहिल्या खेपेला वरचा बर्थ मिळाला. शिडीवर डावा पाय ठेवला आणि मध्येच अडकलो. खालच्या मालवणी आजी म्हणाल्या, "रे बाबा, तू खाली ये, मी जातंय वर." सत्तरीच्या आजी, त्या खरोखर वयाने. मी नको म्हटलं, पण त्या दिवसापासून तिकीट काढताना लोअर बर्थ टाकायला विसरत नाही.

पैसे किती

सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांआधी निघालेल्यांचा हिशेब सोपा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्या प्रमाणात खाली. वेतन ४०,००० धरलं तर शंभर टक्क्यांना १२,०००, आणि वीसला २,४००. पण वीस ते पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यावरचं शंभर, असा ब्रॉड बँडिंगचा नियम आहे. मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही तो लागू होतो हे १० डिसेंबर २०१४ च्या रामअवतार निकालाने ठरलं. म्हणजे वीसचे २,४०० नव्हेत, पन्नासचे ६,०००, वर महागाई भत्ता. नेहमीची सर्व्हिस पेन्शन वेगळी, ती चालूच असते. मुदत पूर्ण करून निघालेल्याच्या कागदावर मात्र '१५-१९' असेल तर हा नियम त्याला उचलून पन्नासवर नेत नाही. त्याला आधी वीसचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि म्हणूनच त्या पोटरीच्या टेपला एवढं महत्त्व.

अपिलात ब्रॉड बँडिंगची मागणी वेगळ्या ओळीत लिहा. न मागितलेलं आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

माझा निकाल लागला. नाना उठले, वीस टक्के सेवेमुळे धरले गेले, पन्नासपर्यंत वाढवून द्यायचा हुकूम झाला. मंजुरीचा कागद पुढे काही महिन्यांनी आला. मी बलकांवावर बसून तो तीनदा वाचला. त्यात थकबाकीची तारीख बरोबर होती, बँकेचा नंबर बरोबर होता, आणि टक्के होते वीस. पन्नास नव्हते. बायकोने विचारलं, "आता काय?" मी चष्मा काढला, हुकुमाच्या प्रतीत ती ओळ पिवळ्या पेनने रंगवली, आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. तो अर्धा पानभरच लागतो. वर हुकुमाचा नंबर, खाली ती एक ओळ.